वाचकांचे प्रश्न: गोठ्यामागची जुनी गाडी अन् तिचा सडलेला पत्रा

दिवाळी उरकली, पाऊस गेला, कापूस वेचून झाला की मराठवाड्यात लोकांना शेडमध्ये उभी केलेली जुनी गाडी आठवते आणि मग आमच्याकडं प्रश्नांचा ढीग येतो. या वेळी जवळपास सगळे प्रश्न गंजाचेच होते, म्हणून कार्ब्युरेटर आणि वायरिंगवाल्यांनी जरा दम धरा, तुमचा नंबर पुढच्या अंकात. मी आयटीआयला बरीच वर्षं पत्राकाम शिकवलंय, त्यामुळं उत्तरं कुठं मास्तरकी वाटली तर सांभाळून घ्या.

प्रश्न: सर, वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे, १९८४ चं मॉडेल. वडील गेल्यापासून गावाकडं शेडमध्ये उभी आहे, त्याच शेडमध्ये आधी म्हशी बांधायचो. वरनं बघितलं तर गाडी बरी दिसते, बोनेट, टप सगळं ठीकंय, पण ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली तर खालची जमीन दिसती आणि दाराखालचा पत्रा फुगून पापुद्रे निघायलेत. बीडच्या एका मिस्त्रीला दाखवली तर तो म्हणला पत्रा मारतो, लांबी (पुट्टी) भरतो, आठ दिवसांत चकाचक. मला घाई नाही, हातानं करायची हौस आहे, पण सुरुवात कुठनं करावी ते कळंना. (एक वाचक, गेवराई)

उत्तर: भाऊ, आठ दिवसांत चकाचक होईल हे खरंय, पण किती दिवस चकाचक राहील ते त्यानं सांगितलं नाही. सडक्या पत्र्यावर नवा पत्रा ठोकून वरनं लांबी भरली की आतला गंज तसाच चालू राहतो, शिवाय लांबी ओल शोषते, त्यामुळं एकदोन पावसाळ्यांत त्याच जागी रंगाला फोड येतात आणि तोवर पत्रा आणखी आत गेलेला असतो. पैसे तेच, काम दोनदा.

आपल्याकडं एक समज आहे की इथं पाऊस कमी, समुद्र लांब, हवा कोरडी, मग गाडी गंजायची कशाला. अर्धं खरंय. म्हणूनच तुमचा टप आणि बोनेट चांगला राहिला, मुंबईच्या टॅक्सीचा राहिला नसता. पण आपल्याकडची गाडी वरनं गंजत नाही, खालनं आणि आतनं गंजते, आणि ती पावसानं नाही तर साचून राहिलेल्या ओलीनं. काळ्या मातीचा चिखल एकदा मडगार्डच्या आत कोपऱ्यात बसला की वरनं वाळल्यासारखा दिसतो पण आत दिवसेंदिवस ओला असतो. सीटखाली जो नमदा असतो तो भिजला की महिनाभर वाळत नाही. समोरच्या काचेखालच्या जाळीत कडुनिंबाची पानं कुजतात आणि तिथलं पाणी बाहेर जायच्या ऐवजी पायाशी उतरतं. तुमच्या केसमध्ये त्यात म्हशीचा गोठा, म्हणजे मुताचे क्षार आणि अमोनिया, ते पत्र्याला लई वाईट. आणि खरं सांगा, वडिलांनी डिकीत खताच्या गोण्या आणल्या होत्या का? आणल्याच असतील, सगळ्यांनीच आणल्यात. युरिया सांडला की हवेतली ओल ओढून घेतो, पोटॅशमध्ये तर क्लोराइड असतं, मीठच समजा. सांडलेलं खत शिवणीत गेलं की पुढं वर्षानुवर्षं ते काम करत राहतं.

म्हणून पहिलं काम ग्राइंडरचं नाहीच. पहिलं काम गाडी शेडमधनं काढून मोकळ्या फरशीवर आणायची, सीटा, मॅट, नमदा, दाराच्या आतले पुठ्ठे सगळं काढायचं, खालनं लाकडी खुरपणीनं माती खरवडायची आणि भरपूर पाण्यानं धुवायची, मडगार्डच्या आत, दाराखालच्या लांब पेटीच्या तोंडाशी, डिकीच्या कोपऱ्यात, सगळीकडं. बोअरचं पाणी खारं असलं तर शेवटचा हात टाकीच्या नाहीतर साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा द्या. मग दोन दिवस उन्हात सगळी दारं उघडी टाकून वाळू द्या.

वाळली की एकाला आत टॉर्च घेऊन बसवा आणि दुसऱ्यानं बाहेरनं काचेच्या रबरावर, काचेखालच्या जाळीवर, दाराच्या फटीवर पाइपनं हळूहळू पाणी सोडा, खालनं वर जात. आतल्या माणसानं जिथनं पाणी आलं तिथं खडूनं खूण करायची. हे काम कुणी करत नाही आणि मग नवा फ्लोअर टाकून पुन्हा तोच सडवतात. पद्मिनीत बहुतेक वेळा समोरच्या काचेचं कडक झालेलं रबर सापडतं, ते बदला, फेव्हिकॉल नाहीतर सिलिकॉननं चिकटवत बसू नका. दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात पाणी जायला, तारेनं ती मोकळी करा, नव्वद टक्के गाड्यांत ती मातीनं बुजलेली असतात (टक्केवारी माझ्या मनाची, पण बघा तपासून).

आता ठोकून बघायचं. स्क्रूड्रायव्हरच्या मागच्या बाजूनं सगळीकडं टकटक करा, चांगला पत्रा खणखणतो, सडका किंवा लांबी भरलेला भद्द वाजतो. फडक्यात गुंडाळून एक लोहचुंबक फिरवा, जिथं चिकटत नाही तिथं जाड लांबी आहे असं समजा. संशय आला तिथं टोच्यानं दाबा, आत गेला तर तो पत्रा गेलाच, नाहीतरी तो कापायचाच होता, जीव हळहळू देऊ नका. सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढा, एका वहीत गाडीचं चित्र काढून भरत जा.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चेसी नसते, बॉडीच चेसीचं काम करते, ॲम्बेसेडरचंही तसंच. तुमच्या दाराखालची लांब पेटी, जिला काहीजण सिल म्हणतात, ती शोभेची पट्टी नाही, ती गाडीचा कणा आहे. ती कापायच्या आधी दाराच्या फटी मोजून लिहून ठेवा, दाराच्या चौकटीत तिरकी पाइप लावून वेल्डिंगच्या ठिपक्यांनी तात्पुरती जोडा, गाडी मधनं जॅकवर नाही तर चारी टोकांना घोड्यांवर (स्टँडवर) सपाट ठेवा, आणि एका वेळी एकच बाजू कापा. दोन्ही बाजू एकदम उघडल्या तर बॉडी मधनं वाकते, मग दारं आयुष्यभर लागत नाहीत.

तर काम वाटून घ्या असं माझं मत. खरवडणं, धुणं, जुना रंग काढणं, साफसफाई, प्रायमर, भोकं मोकळी करणं, आतनं मेण मारणं, म्हणजे ज्यात वेळ आणि चिकाटी लागते ते सगळं तुम्ही घरी करा, मिस्त्री ते कधीच तुमच्याइतकं नीट करणार नाही कारण त्याला वेळेचे पैसे मिळत नाहीत. पेटीचं वेल्डिंग आणि शेवटचा रंग मात्र जाणकाराकडनं. आणि तोच मिस्त्री चालेल की, फक्त त्याला सांगा सडका पत्रा कापून काढायचा, झाकायचा नाही, आणि लांबी भरायच्या आधी मला बोलवायचं.

प्रश्न: व्हिडिओत बघितलं की गंजावर टॉयलेट क्लीनर ओतला की पाच मिनिटांत पत्रा पांढरा होतो. दुसऱ्या एकानं कोल्ड्रिंकनं केलं. आमचे मामा म्हणतात साखर कारखान्यातल्या मोलॅसिसमध्ये बुडवून ठेवा. यात खरं काय? ॲम्बेसेडरची डिकी आणि बंपरच्या चारी ब्रॅकेटी करायच्यात. (एक वाचक, निलंगा)

उत्तर: तिन्ही खरंय, पण तिन्हीचा शेवट वेगळा. टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ते गंज झटक्यात खातं आणि मग पत्राही खातं, आणि त्यातलं क्लोराइड शिवणीत, दुमडीत जाऊन बसतं ते तुम्ही कितीही धुतलं तरी निघत नाही. दुपारी पांढरा दिसलेला पत्रा संध्याकाळी पिवळा पडतो. वाफेनं शेडमधली बाकीची हत्यारं पण गंजतात. गाडीवर अजिबात नको.

कोल्ड्रिंकमध्ये फॉस्फरिक ॲसिड असतं पण नावाला, त्यापेक्षा ते पिऊन टाका. खरं फॉस्फरिक ॲसिडवालं रस्ट रिमूव्हर किंवा रस्ट कन्व्हर्टर रंगाच्या दुकानात मिळतं, त्याचा उपयोग आहे. ते गंजाचं लोह फॉस्फेट करतं, काळपट करड्या रंगाचा थर येतो. काहींमध्ये टॅनिक ॲसिड असतं, ते निळसर काळं करतं. पण आधी सुटा गंज तारेच्या ब्रशनं काढलेला पाहिजे, कारण हे वरच्या थरापुरतंच जातं, पापुद्र्याच्या आत पोचत नाही. सावलीत लावा, आपल्याकडं उन्हात पत्रा इतका तापतो की लावलं की लगेच वाळतं आणि चिकट थर राहतो. वर एपॉक्सी प्रायमर मारणार असाल तर ॲसिडचा अंश राहिलेला चालत नाही, प्रायमर सुटतो, म्हणून डब्यावर धुवायला सांगितलं असेल तर धुवा आणि लगेच गरम हवेनं वाळवा. हातमोजे, चष्मा घाला, हे सांगायला लागू नये पण लागतं.

तुमच्या मामांचं मात्र मला आवडलं. मोलॅसिस एक भाग आणि पाणी नऊ भाग, त्यात ब्रॅकेटी, बिजागऱ्या, नटबोल्ट बुडवून आठपंधरा दिवस ठेवले तर गंज सुटून येतो आणि चांगलं लोखंड तसंच राहतं. वास मात्र असा येतो की शेजारी भांडायला येतील, आणि ॲल्युमिनियमचं काही त्यात टाकू नका, ते खराब होतं. मोलॅसिसवर एक्साइजचं नियंत्रण असतं त्यामुळं कारखान्यातनं कॅन भरून उचलून आणायच्या भानगडीत पडू नका. त्यापेक्षा सोपं म्हणजे किराण्यातलं लिंबूसत्व, लिटरभर कोमट पाण्यात पन्नासेक ग्रॅम, रात्रभर भिजवा, सकाळी ब्रशनं घासा, धुवा, वाळवा, लगेच तेल नाहीतर प्रायमर. रात्रभर म्हणजे रात्रभर, विसरून चार दिवस ठेवू नका.

बॅटरी चार्जरनं पण होतं, प्लास्टिकच्या टपात पाणी, लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, निगेटिव्ह तुमच्या पार्टला आणि पॉझिटिव्ह भंगार सळईला. पॉझिटिव्हला स्टीलचा डबा किंवा चमचा लावायचा नाही, स्टेनलेसमधलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी असतं. हायड्रोजन निघतो म्हणून हे उघड्यावर करायचं, जवळ बिडी ओढायची नाही. आणि स्प्रिंगा यात टाकू नका, ठिसूळ होतात. डिकीचं झाकण यातलं कशातच बुडणार नाही, ते हातानं घासूनच.

प्रश्न: आमचं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे, नांगर, कुळव, वखर सगळं वेल्डिंग मीच करतो, हात बसलेला आहे. मित्राच्या ॲम्बेसेडरचा फ्लोअर माझ्या आर्क मशिनवर करून देऊ का? पत्रा म्हणून जुन्या कूलरची बॉडी पडलेली आहे ती चालेल का? (एक वाचक, मानवत)

उत्तर: हात बसलेला आहे पण जाड लोखंडावर बसलाय, हा फरक लक्षात घ्या. नांगराचा फाळ आणि गाडीचा फ्लोअर यात जमीन अस्मानाचं अंतर आहे. जुन्या गाड्यांचा पत्रा साधारण २० गेजच्या आसपास, म्हणजे ०.९ मिलिमीटर, कुठं १८ गेज, म्हणजे १.२. त्यावर आर्कचा रॉड टेकवला की भोक, भोक भरायला गेलं की मोठं भोक. बारीक रॉड आणून, करंट कमी करून जमवणारे उस्ताद आहेत, मला माहीत आहेत, पण पातळ पत्र्यावर शिकायची ती जागा नाही.

सीओटू (मिग) वेल्डिंगचं छोटं मशिन कुठनं भाड्यानं मिळतंय का बघा, ०.८ ची वायर, मिळाली तर ०.६ ची, आणि गॅस. आधी त्याच जाडीच्या भंगार तुकड्यांवर भरपूर सराव. आणि कार बॉडीवर कधीही लांब सलग शिवण मारायची नाही. एक ठिपका इकडं, एक वीतभर लांब, मग तिसरा पहिल्यापासनं लांब, मधी थांबायचं, पत्र्याला हात लावता आला पाहिजे, मग पुढचा. असं फिरत फिरत ठिपके जोडायचे. सलग ओढलं की पत्रा उष्णतेनं ताणतो आणि गार झाला की लाटा पडतात, मग त्या लपवायला लांबी, म्हणजे आपण परत मिस्त्रीच्या आठ दिवसांवर आलो.

कूलरचा पत्रा नको. तो जीपी म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला असतो, वेल्डिंग केलं की जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो, तुमच्या धंद्यातल्या लोकांना हा ताप माहीत असतो. शिवाय कूलरचा पत्रा पातळ. सीआरसी शीट (जस्त नसलेला कोल्ड रोल्ड पत्रा) आणा. जालना पोलादाचं गाव आहे म्हणून लोक तिथं जातात आणि सळईच्या दुकानात सीआरसी मागतात, तसं करू नका, पत्र्याचा वेगळा व्यापारी असतो. छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा नाहीतर वाळूजकडं फॅब्रिकेशनची दुकानं आहेत, तिथं कटपीस वजनावर मिळू शकतो आणि शिअरिंग मशिनवर सरळ कापून, प्रेसवर घडी घालून पण देतात. पुठ्ठ्याचा नमुना कापून सोबत न्या, तोंडी मापं सांगू नका.

कापताना चांगला चकाकणारा पत्रा लागेपर्यंत मागं जा आणि वर दोनेक सेंटिमीटर आणखी, कडेला पातळ झालेल्या पत्र्याला वेल्डिंग धरत नाही. तुकड्याचे कोपरे गोल कापा. एकावर एक पत्रा चढवून जोडणार असाल तर मधल्या दोन्ही तोंडांना जस्ताचा वेल्डिंगवाला प्रायमर लावा आणि काम झाल्यावर खालनं सीम सीलर भरा, नाहीतर त्या सांदीत पाणी बसतं आणि तिथनंच परत सुरू.

सगळ्यात महत्त्वाचं, पेट्रोलची टाकी गाडीतनं पूर्ण काढून लांब ठेवा. रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची. बॅटरी काढा. फ्लोअरच्या खालच्या बाजूला जुनं डांबर असतं ते पेट घेतं, म्हणून एक माणूस पाण्याची बादली आणि फायर एक्स्टिंग्विशर घेऊन बाजूला पाहिजेच, आणि काम संपल्यावर तासभर तरी गाडीजवळ थांबा, लगेच जेवायला पळू नका.

प्रश्न: हा प्रश्न गाडीचा नाही, गाडीवाल्याचा आहे. आमचे हे दर रविवारी अंगणात ग्राइंडर लावून जुन्या फियाटचा रंग उडवतात, लाल पिवळी धूळ वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर, सगळीकडं. घरात दोन लहान लेकरं आहेत. सांगितलं तर म्हणतात धूळच आहे, त्यात काय एवढं. (एक वाचक, परभणी)

उत्तर: ताई, तुमचं बरोबर आहे, आणि हे त्यांना वाचून दाखवा. जुन्या गाडीच्या रंगात, विशेषतः पिवळ्या, लाल, केशरी छटांमध्ये आणि खालच्या प्रायमरमध्ये शिसं असू शकतं. शिसं लहान लेकरांच्या मेंदूला घातक, आणि त्यांच्या अंगात ते मोठ्यांपेक्षा जास्त प्रमाणात शोषलं जातं. ग्राइंडरनं कोरडं घासणं हा त्यातला सगळ्यात वाईट प्रकार.

आता भाऊ तुमच्यासाठी. रंग काढायचा तर पेंट रिमूव्हर लावून खरवडून काढा, ते पण मोकळ्या हवेत आणि जाड हातमोजे घालून, नाहीतर वॉटर पेपरनं ओलं घासा. खाली प्लास्टिक अंथरा, निघालेला चिखल गोळा करून पिशवीत बांधा, अंगणात झाडलोट करून उडवू नका आणि झाडांना तर मुळीच टाकू नका. एन ९५ मास्क घाला, तोंडाला गमछा बांधणं म्हणजे मास्क नव्हे. कामाचे कपडे वेगळे, धुणं वेगळं, हात तोंड धुतल्याशिवाय लेकराला उचलायचं नाही. ग्राइंडर लावायचाच असेल तर फक्त उघड्या गंजलेल्या लोखंडावर, लेकरं आजोळी गेलेली असताना, आणि तेव्हा पण चष्मा हवाच, कप ब्रशची तार सुटली की ती डोळ्यातच जाते. आणि पापड आधी आत घ्या.

तसंही कप ब्रश गंज काढण्यापेक्षा त्याला पॉलिश जास्त करतो, पत्रा चमकतो पण खळग्यात गंज काळा होऊन बसलेला असतो. जाळीदार स्ट्रिपिंग डिस्क मिळते ती घ्या, ती खळग्यात जाते आणि पत्रा फ्लॅप डिस्कसारखा खात नाही.

प्रश्न: पत्राकाम झालंय. रेड ऑक्साइड मारून ठेवू का? गेटचं उरलेलं आहे. आणि रंग मी स्वतः मारू म्हणतो, कंप्रेसर आहे, कोणत्या महिन्यात मारावा? (एक वाचक, नांदेड)

उत्तर: गेटचं रेड ऑक्साइड गेटलाच. ते वरच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या कडक थिनरनं सुरकुततं, उचलून येतं, आणि ओल पण फार अडवत नाही. उघड्या पत्र्यावर टू-पॅक (हार्डनर मिसळून मारायचा) एपॉक्सी प्रायमर मारा, तो पाणी अडवतो, आणि लांबी लागणारच असेल तर ती एपॉक्सीच्या वर भरा, म्हणजे लांबीनं ओल ओढली तरी पत्र्यापर्यंत जात नाही. साधा सरफेसर मारून गाडी महिनोनमहिने ठेवू नका, तो सच्छिद्र असतो, वरनं बंद दिसतो पण आत पाणी जातं, लोक इथंच फसतात. किती तासांत पुढचा थर मारायचा हे डब्यावर लिहिलेलं असतं, ती वेळ टळली की परत घासायला लागतं.

महिना म्हणाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दव उडून पत्रा कोमट झाला की दुपारपर्यंत. तुमच्याकडं गोदेकाठी सकाळी दव जास्त असतं, पत्र्यावरनं हात फिरवा, जरा जरी गार ओलं लागलं तर थांबा. एप्रिल मे मध्ये रंग गनमधनं निघून पत्र्यावर पोचेपर्यंत थिनर उडून जातो, खरखरीत बसतो. मारायचाच तर स्लो थिनर आणि पहाटेची वेळ, आणि त्या दिवसांत दुपारनंतर वावटळ सुटते हे पण धरा. मृग लागल्यावर तर नावच नको.

पण शेवटचा रंग तुम्ही मारू नये असं मी म्हणेन. टू-पॅक पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, एकदा त्याची ॲलर्जी बसली की दमा कायमचा, पुढं नुसत्या वासानं त्रास होतो. कार्ट्रिजच्या मास्कवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, बाहेरनं स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो आणि तो घरात कुणाकडं नसतो. प्रायमरपर्यंत घासून तयार केलेली गाडी चांगल्या बूथवाल्याकडं न्या, निम्मं काम तुम्ही केलेलं असल्यानं भाव करायला तोंड राहतं.

प्रश्न: सगळं झाल्यावर खालनं डांबर मारून घेऊ का, आणि पेट्यांमध्ये जळालेलं ऑइल ओतू का? आमच्याकडं ट्रॅक्टरला असंच करतात. (एक वाचक, वसमत)

उत्तर: डांबराखाली गंज राहिला असेल तर नको, ते वाळून तडकतं आणि तडीतनं शिरलेलं पाणी मग बाहेर निघत नाही. खाली एपॉक्सी आणि शिवणीत सीम सीलर झालेला असेल तर वरनं रबरवालं अंडरकोट मारा, पाण्याची भोकं सोडून. जळालेल्या ऑइलमध्ये इंजिनातली आम्लं, धातूची भुकटी सगळं असतं, ते रबर फुगवतं, मातीला धरून ठेवतं आणि पुढं कधी रंग मारायचा म्हणलं तर बसत नाही. कॅव्हिटी वॅक्सचा डबा घ्या, लांब नळीवाला, पेटीत, दारात, डिकीच्या कोपऱ्यात शेवटपर्यंत नळी घालून मागं ओढत फवारा. हे रंग झाल्यानंतरचं काम आहे, आधी केलं तर मेणानं रंगाचं वाटोळं होतं. मग भोकांत तार घालून बघा, मेणानं बुजली तर नाहीत ना.

प्रश्न: आजोबांची १९६९ ची जीप आहे, कागद आहेत. पत्राकाम करताना बॉडी नवी टाकली आणि रंग बदलला तर आरटीओत काय अडचण? व्हिंटेजची वेगळी नंबर प्लेट असते म्हणे. (एक वाचक, तुळजापूर)

उत्तर: असते. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या गाड्यांसाठी केंद्रानं जुलै २०२१ मध्ये नियम केलेत, नव्या नोंदणीच्या नंबरमध्ये व्हीए अशी अक्षरं येतात, तिची फी २०,००० रुपये आणि ती १० वर्षं चालते. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, त्या प्लेटवर गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल अशा कारणांपुरतीच. शेतात जायला वापरणार असाल तर साधी आरसीच दर ५ वर्षांनी रिन्यू करत राहा. दुसरं, व्हिंटेजला गाडी मूळ स्वरूपात लागते, चेसी, बॉडी, इंजिन यात मोठा बदल चालत नाही, म्हणून तयार नवी बॉडी टाकायच्या आधी थांबा आणि जुनी जेवढी वाचेल तेवढी वाचवा. जीपला खाली वेगळी चेसी असते त्यामुळं तुमचं काम पद्मिनीवाल्यापेक्षा सोपं आहे, टब (वरची बॉडी) उचलून बाजूला ठेवून दोन्ही वेगवेगळं करता येतं. रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्या, नाहीतर पासिंगला अडवतात.

आणि ग्राइंडर लावायच्या आधी चेसी नंबर कुठं ठोकलाय ते शोधा, त्यावर कागद ठेवून पेन्सिलनं ठसा घ्या, फोटो काढा आणि तेवढ्या जागेवर टेप मारा. तिथला गंज हातानं, मऊ ब्रशनंच काढायचा. नंबरचा एक आकडा जरी घासला गेला तर ती गाडी तुमचीच आहे हे सिद्ध करायला तुम्हाला तुळजापूर ते धाराशिव इतक्या खेपा घालायला लागतील की त्यात दुसरी जीप उभी राहील.